वायला ढीग

संक्रांतीच्या तोंडावर पाऊस पडला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्याचे दिवसही नव्हते, आणि आला तो नेमका मिरची पथारीवर उघडी पसरलेली असताना. बायका ताडपत्र्या ओढत धावल्या. टोपल्यांनी, सुपांनी, शेवटी लुगड्याच्या ओच्यांतून जेवढी शेडमध्ये नेता आली तेवढी नेली. उरलेली रात्रभर भिजली, सकाळी फुगली आणि ऊन पडल्यावर देठाकडून काळी पडायला लागली.

आपला बाप वारल्यावरही धनुबाई एवढी गप्प बसली नव्हती. ती पथारीच्या कडेला उकिडवी बसली आणि एक मिरची बोटांनी फोडून बघितली. आत बिया एकमेकींना चिकटल्या होत्या. तिने ती मिरची लांब फेकून दिली आणि उठून बायकांना म्हणाली, चला, बसा, खुडायला लागा, वाळलेली आहे ती तरी हातची जायला नको.

खोंडाळं हे गाव धानोऱ्याच्या रस्त्याला. गावाच्या बाहेर, डांबरीला लागूनच, बायकांच्या कंपनीचं पत्र्याचं शेड होतं. पुढे वाळवणीचं मैदान, त्याला सगळे पथारी म्हणत. कंपनी म्हणजे खरोखरची, नोंदणी झालेली, शिक्का असलेली, आणि धनुबाई तिची अध्यक्ष. अध्यक्ष झाली म्हणून मिरची खुडायची सुटली नव्हती. उलट सगळ्यांच्या आधी येऊन ती बसायची आणि सगळ्यांच्या नंतर उठायची, कारण तिचा हात गावात सगळ्यांत चपळ होता आणि ते तिला फार चांगलं ठाऊक होतं.

मिरचीचा देठ खुडणं हे काम बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. डाव्या हाताच्या चिमटीत मिरची, उजव्या अंगठ्याच्या नखाने देठ उडवायचा, मिरची पुढे, देठ मागे. सकाळी बरं वाटतं. दुपारपर्यंत नखाच्या मुळात आग शिरते, मग ती मनगटावर चढते, आणि संध्याकाळी हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे अंगापासून लांब धरून बायका घरी जातात. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी ठसका लागायचा तो लागतोच. चुकून डोळ्याला बोट लागलं तर अर्धा दिवस वाया. बायका सकाळी हाताला तेल चोळून यायच्या, घरी गेल्यावर ताकात बुडवून बसायच्या. पीठ मळायची सोय नव्हती. धनुबाईच्या घरी भाकरीचं पीठ तिचा नवरा नवल मळायचा आणि ती नुसती भाजायची. गावाने त्यावरून त्याची पुष्कळ टिंगल केली. नवल म्हणायचा, "पीठ मी मळस, भाकर ती भाजस. तुम्हले ते तयारच भेटस, मंग तुम्हले काय समजी?"

तर पाऊस झाला आणि काम अवघड झालं. ओलसर मिरचीचा देठ चिवट होतो, नखाला दाद देत नाही. शिवाय प्रत्येक मिरची उलटून बघायची की डाग आहे का. सुरतेच्या ज्या कंपनीला माल जायचा, तिने निरोप पाठवला होता की आता एक जरी गोणी खराब निघाली तरी वर्षाचा करार मोडेल. तो निरोप चेतनाने सगळ्यांना वाचून दाखवला. चेतना म्हणजे धनुबाईची सून, नंदुरबारच्या कॉलेजात शिकलेली, कंपनीची मॅनेजर. नवरा नवनीत सुरतेला नोकरीला, ही इथे. शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली होती, तिथे ती बसायची.

बायकांच्या ओळीत शेवटी, भिंतीला टेकून, कौसाबाई बसलेली असायची. कौसाबाई धनुबाईची थोरली जाऊ. विधवा, मूलबाळ नाही, आणि आता दोन्ही डोळ्यांवर साय आलेली. धनुबाई तिला जिजी म्हणायची. जिजीला मिरची दिसायची नाही, हाताला कळायची. पण हाताने डाग कळत नाही. ती एक मिरची डोळ्यांपाशी धरून, उजेडाकडे करून बघेपर्यंत शेजारणीच्या दहा व्हायच्या.

तिच्या अलीकडे रिना. रिना पोरसवदा, पहिली मुलगी अजून अंगावर पिणारी. नवरा भिला सुरतेच्या मिलमध्ये, घरी सासू आजारी. तेव्हा पोरीला झोळीत घालून तिला शेडमध्येच आणावं लागायचं. पोरगी रडली की जिजी म्हणायची, "आन ती पोर आठे. तू खुड." मग राख लावून, ताकाने चोळून जिजी हात धुवायची, नाकाशी नेऊन वास घ्यायची, पुन्हा धुवायची, आणि पोरीला मांडीवर घ्यायची. त्यानंतर दिवसभर ती मिरचीला बोट लावायची नाही.

आणि तरी संध्याकाळी जिजीच्या नावावर ढीग असायचा. तो कसा असायचा, ते शेडमधल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

हे समजायला जरा मागे जावं लागेल. कंपनी व्हायच्या आधी या सगळ्या बायका नंदुरबारला सलाउद्दीन शेठच्या पथारीवर जायच्या. दलसिंगचा टेम्पो पहाटे चावडीपाशी उभा राहायचा. सलाउद्दीन शेठ पिढीजात मिरचीवाला, तोंडाचा गोड, व्यवहाराला पक्का. कोणती बाई किती खुडते, यात त्याला रस नव्हता. संध्याकाळी खोंडाळ्याच्या बायकांचा ढीग तो मोजायचा, एकच ढीग, आणि मजुरी कौसाबाईच्या हातात द्यायचा. कौसाबाई टेम्पोत बसल्यावर सगळ्यांना सारखी वाटायची. चपळ हाताची, मंद हाताची, तापाने फणफणलेली, म्हातारी, सगळ्यांना तेवढीच. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच सांगता आलं नसतं. ढीग एकच असायचा.

आणि त्यात एक रीत होती. अंगावर पोर पिणाऱ्या बाईने मिरचीला हात लावायचा नाही. तिने ढिगापाशी बसायचं, गाईगुरं हाकलायची, पाणी द्यायचं, कुणाच्या डोळ्यांत गेलं तर धुवायचं, आणि सगळ्यांची पोरं घ्यायची. कारण एवढ्या बायकांत एकीचे तरी हात स्वच्छ हवेत. वाटा तिला सगळ्यांएवढाच.

नवनीत झाला तेव्हा धनुबाई नवी होती, लाजाळू होती, आणि घरात दाणा नव्हता. पाचवी-बारसं उरकून ती टेम्पोत येऊन बसली. पथारीवर गेल्यावर खुडायला हात घातला तर कौसाबाईने तिचं मनगट धरलं. "पोऱ्या अंगवर पेस तुन्हा. मिरचीले हात लावू नको. गाई हाकल." त्या सबंध हंगामात धनुबाईने एक देठ मोडला नाही आणि दर संध्याकाळी इतरांएवढा वाटा घेतला. घेताना मान खाली जायची. कौसाबाई तिचा वाटा सगळ्यांच्या आधी द्यायची.

पण माणसाचं असं असतं की घेतलेलं विसरायला होतं आणि दिलेलं रोज आठवतं. नवनीत मोठा झाला. धनुबाईचा हात बसला, चालू लागला, मग पळू लागला. वर्षानुवर्षं तिने ढिगात सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं आणि वाटा सारखा घेतला. टेम्पोत परत येताना तिच्या मनात यायचं की ह्या अर्ध्या बायका आपल्या नखांवर जगतात. ती हे कधी बोलली नाही. पण आत कुठेतरी ते ठसठसत राहिलं.

पुढे बचत गट आला. गटाचे चार गट झाले. साहेब लोक गाड्या घेऊन आले, प्रशिक्षणं झाली, सतरंजीवर बसून बायकांनी टाळ्या वाजवायला आणि स्वतःचं नाव उभं राहून सांगायला शिकलं. सुरुवातीला धनुबाईला नाव सांगताना घाम फुटायचा. मग सवय झाली, मग आवड लागली. कंपनी झाली, शेड उभं राहिलं, रिबीन कापताना तिचा फोटो पेपरात आला. सलाउद्दीन शेठ स्वतः पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "धनुबाई, तुम्ही आते शेठ व्हयनात. मन्हाकडे खुडाले कोण येई?" ती हसली होती. खरं सांगायचं तर त्या दिवसाइतकी ती आयुष्यात कधी खूश झाली नव्हती.

मग सुरतेची मागणी आली की प्रत्येक गोणीवर खुडणारणीचा नंबर हवा. गोणीत केस, खडा, देठ काही निघालं तर कुणाचं ते कळलं पाहिजे. चेतनाने सभेत ते नीट समजावून सांगितलं. प्रत्येकीचा ढीग वेगळा, काटा वेगळा, पैसा वेगळा. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. धनुबाईने पहिला हात वर केला. तिला वाटलं, आता दिसेल, कुणाचं नख काय करतं ते. आणि मनात हेही होतं की काट्यावर वेगळं होईल, पण बायका आपल्याच, शेवटी सगळं एकात ओततील. सवय कुठे जाते? तिचा हात वर गेला म्हणून बाकीच्यांचे गेले. जिजीने सगळ्यांत शेवटी केला, शेजारणीला विचारून, की कशासाठी करायचा म्हणून.

सवय गेली. किती लवकर गेली, ते बघून धनुबाईला पहिल्यांदा मौज वाटली आणि नंतर भीती वाटली. पहिल्या हंगामात बायका ढिगाभोवती देठांची रांग घालायच्या, हद्द कळावी म्हणून. मग फळ्या आणल्या. मग बसायच्या जागेवरून भांडणं झाली, उजेडाची जागा चपळ बायकांनी धरली. वाईटच झालं असंही नाही. रिनासारखीने स्वतःच्या पैशाने मोबाइल घेतला, एकीने नवऱ्याला सांगून टाकलं की हा पैसा माझ्या नंबरचा आहे, याला हात लावायचा नाही. धनुबाईच्या घरात फरशी बसली. भिंतीवरच्या फळ्यावर रोज नंबर लागायचे आणि तिचा वर असायचा. फक्त एक झालं. अंगावर पोर असलेल्या बाईला बसून राहणं परवडेना. जिचा ढीग नाही तिला काही नाही. तेव्हा रिना बाळंतपणातून उठली ती सरळ मिरचीत बसली.

म्हणून जिजी पोर सांभाळायची. आणि म्हणून रिना येता-जाता तिच्या ढिगावर एक ओंजळ टाकायची, धनुबाईही टाकायची. चेतना काचेतून बघत असली तर मात्र नाही. हे नियमात बसत नव्हतं. दुसरीच्या ढिगात माल टाकणारी आणि टाकून घेणारी, दोघींना बाहेर, असं ठरावात लिहिलेलं होतं आणि ठरावाखाली पहिली सही अध्यक्षांची होती.

पाऊस होईपर्यंत हे निभलं. पावसानंतर ओंजळ टाकणं जड जायला लागलं. रिनाला पोरीचं दूध, सासूचं औषध, आणि देठ सुटत नव्हते. ती घाईत न खुडलेली मिरचीच मूठभर उचलून जिजीच्या ढिगात लोटायची. धनुबाईने ते बघितलं. बोलली नाही, कारण तिचं स्वतःचं काही वेगळं नव्हतं. हातात एखादी मिरची आली, की डाग आहे का नुसती सावली आहे ते कळेना, फेकायला जीव होईना आणि आपल्या ढिगात टाकायची भीती, तर ती जिजीच्या ढिगात जायची. मदत झाल्यासारखं वाटायचं आणि आपला ढीगही स्वच्छ राहायचा. ती स्वतःला सांगायची की जिजीचा तरी कुठे एवढा बारकाईने बघतात.

गोणी परत आली. सुरतेला ज्या गाडीने माल गेला, तीच गाडी ती एकटी गोणी घेऊन उलटी आली. चेतनाने ती शेडच्या मधोमध ओतायला लावली. देठाची मिरची, काळी मिरची, बुरशीचा पांढरा लेप. बायका गोल उभ्या राहिल्या. वास असा सुटला की रिनाची पोरगी झोळीत शिंकायला लागली.

घरी चेतना जिजीला मोठ्या आत्या म्हणायची. शेडमध्ये तिने सगळ्यांना नावानेच बोलायचं ठेवलं होतं, आणि शेडमध्ये ती शाळेतल्यासारखं बोलायची.

"कौसाबाई, ही गोणी तुमच्या नंबरची आहे," चेतना म्हणाली. "यात काय निघालंय, बघा."

जिजी खाली बसली. हात पुढे करून एक मिरची उचलली, बोटांनी चाचपली, देठ लागला. दुसरी उचलली. तिसरी नाकाशी नेली. सगळ्या बायका तिच्या हातांकडे बघत होत्या. ते हात स्वच्छ होते. नखांत लाली नाही, कातडी फाटलेली नाही, गुलाबी, मऊ, पोर सांभाळणाऱ्या बाईचे हात. ज्या बाईने एक मिरची खुडली नाही तिची ही गोणी नव्हती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"यात दुसऱ्या कुणी माल टाकलाय का?" चेतनाने विचारलं. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती सासूवर थांबली. "आत्ता सांगितलंत तर बरं. मला सुरतेला नाव कळवायचं आहे. जिचा माल तिला काढून नाव कळवलं तरच करार ठेवतो म्हणालेत, नाहीतर जातोय, सगळ्यांचा."

रिनाने पोरीची झोळी हलवायला सुरुवात केली. झोळी हलत नव्हती तरी ती हलवत राहिली. धनुबाईच्या जिभेवर शब्द आला होता. तो तिथेच होता, फक्त तोंड उघडायचं होतं. पण उघडलं असतं तर फळ्यावरचा नंबर गेला असता, अध्यक्षपद गेलं असतं, रिना गेली असती, आणि सून सगळ्यांसमोर सासूला बाहेर काढते हे गावाने बघितलं असतं. तिने पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा एक देठ चुरडला.

"मन्हाच नंबर शे ना?" जिजी म्हणाली. "मंग मन्हंच व्हई."

तिने गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. कुणीतरी हात दिला. भिंतीपाशी जाऊन तिने आपलं सूप चाचपलं, पाण्याची बाटली घेतली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं. दाराकडे जाताना रिनाच्या झोळीपाशी थांबली, आत हात घालून पोरीच्या टाळूवरून फिरवला आणि गेली.

त्या संध्याकाळी नवल परातीत पीठ मळत होता आणि धनुबाई चुलीपाशी ताकाच्या भांड्यात हात घालून बसली होती. गावात गोष्ट पोचलेली होती. नवल पिठाकडेच बघत म्हणाला, "वहिनीना डोया गयात. हात ते व्हतात." त्याने पिठाचा गोळा केला, तिच्यापुढे ठेवला आणि हात धुवायला बाहेर गेला. तिने भाकरी भाजल्या. एक करपली.

चेतना जेवायला बसली तेव्हा तिचा घास उतरत नव्हता, हे धनुबाईला दिसलं. ही मुलगी वाईट नव्हती. जिजीने मांडीवर घेऊन तिला काजळ घातलेलं होतं लग्नात. धनुबाईने विचारलं, दुसरं काही करता आलं नसतं का. चेतनाने ताट सरकवलं. "मी काय करू आत्या? माले काय दिसत नही का, कोन टाकस ते? म्हनीसन ते मी तुम्हना कडे पाहं." मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "तुम्हीच पहिला हात वर कया व्हता." आणि उठून गेली.

जिजी घराच्या मागच्या पडवीत राहायची, वेगळी चूल, पण अंगण एक. तिच्याकडे जायला धनुबाईचा पाय उचलेना. भाकरी नवल नेऊन द्यायचा. तो एवढंच सांगायचा की वहिनी बसली आहे, बरी आहे. मग एक दिवस दलसिंगचा टेम्पो पडवीपाशी थांबलेला तिने लांबून बघितला. कशाला आला असेल, असं मनात आलं, पण शेडला उशीर होत होता. धनुबाई गेली.

शेडमध्ये जिजीची जागा भरून निघाली. शेजारच्या दोघी थोड्या थोड्या सरकल्या आणि त्यांच्या ढिगांना ऐसपैस झालं. रिनाने झोळी स्वतःच्या मागे बांधली आणि दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवली. खुडता खुडता पाय हलवायची. पोरगी आता रांगायच्या बेतात होती, झोळीत राहत नव्हती. रडली तर बायका माना वर करायच्या, पुन्हा खाली घालायच्या. पावसात गेलेला माल भरून काढायचा होता आणि फळा संध्याकाळी सगळ्यांना उघडं पाडायचा.

दुपारची वेळ होती. ऊन पत्र्यावर तापलं होतं, मिरचीची धूळ हवेत तरंगत होती. पोरगी झोळीतून निम्मी बाहेर आली आणि पडता पडता रिनाने मागे न बघता तिला झेललं. झेललं ते नुसत्या हाताने. पोरीचं तोंड रिनाच्या तळव्यात आलं. एक क्षण काही झालं नाही. मग पोरीने श्वास घेतला आणि अशी किंचाळली की कामं थांबली.

रिना उठली. पोरीला तिने कोपरांत धरलं होतं, तळवे बाहेर काढून. पोरगी डोळे चोळत होती, आणि डोळ्यांपाशी जे लागलं होतं ते जास्तच आत जात होतं. "कोनी ते धरा तिले," रिना म्हणाली. "मन्हा हात मिरचीना शेतस."

"मन्हाबी," शेजारीण म्हणाली.

आणि मग सगळ्या बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. धनुबाईनेही बघितले. बोटं सुजलेली, नखांच्या कडा लाल, तळव्यांवर लाल पूड. अख्ख्या शेडमध्ये, एवढ्या बायकांत, एकीचेही हात स्वच्छ नव्हते. चेतना मालाच्या गाडीबरोबर नंदुरबारला गेली होती. कुणी पाणी आणलं, पण ओतायला पोरीचं डोकं धरावं लागतं, आणि धरणार कोण? पदराने धरावं तर पदर मिरचीचा.

धनुबाई धावत सुटली. वयाने, पायाने धावण्यासारखं राहिलं नव्हतं, तरी धावली. रस्ता ओलांडला, चावडी ओलांडली, लोक बघत राहिले. तिच्या डोक्यात एवढंच होतं की जिजी घरी आहे. जिजी बसून आहे, जिजीच्या हातांना काही नाही. जिजीला ओढत न्यायचं, पोर तिच्या मांडीवर द्यायची, आणि मग सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. पडवीपर्यंत पोचेस्तो तिने काय बोलायचं ते मनात जुळवलंसुद्धा होतं.

"जिजी, चाल. रिनानी पोरना डोयामा मिरची गई. तिले धराले कोनी नही."

जिजी पडवीच्या उंबऱ्यात उजेडाला बसली होती. पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर मिरची. चांगली नव्हे, सलाउद्दीन शेठच्या पथारीवरची पावसात पांढरी पडलेली, टाकाऊ. दलसिंग आणून टाकत होता आणि खुडलेली नेत होता. जिजी एक एक मिरची डोळ्यांपाशी धरून देठ मोडत होती. डोळे गळत होते, ती दंडाने पुसत होती.

तिने दोन्ही हात वर केले आणि आवाजाच्या दिशेने धरले. धनुबाईच्या हातांपेक्षाही लाल होते. इतक्या दिवसांची सवय गेलेली कातडी, अंगठ्यापाशी फुटून आत ओली झाली होती.

"मन्हा हात देख, धनू," जिजी म्हणाली. मग लगेच, "दूधना बोळा ठेवा डोयावर. मायनंच दूध. रडू द्या तिले, रडीसन निंघी जाई."

धनुबाई उलटी धावली. तोवर रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला थांबवून बायकांनी पोर तिच्या हातात दिलेली होती. नंदुरबारला नेलं. डॉक्टरने औषधाचे थेंब घातले, डोळा वाचला म्हणाला, सूज उतरेल. चेतनाने दुसऱ्या दिवशी सभा घेतली. डोळ्यांखाली तिच्या काळं झालं होतं. उद्यापासून शेडमध्ये लहान मूल आणायचं नाही, असा ठराव तिने मांडला, आणि कुणी काही बोलेल म्हणून थांबली. जे बोलायचं जुळवलेलं होतं ते धनुबाईला आठवत होतं, शब्दन् शब्द. पण ते बोलायचं होतं गोणी ओतली त्या दिवशी, आणि तो होऊन गेला होता. हात वर गेले. तिचाही गेला. रिना आपली झोळी सोडवत होती.

संध्याकाळी धनुबाई घरी न जाता पडवीकडे वळली. जिजी तशीच बसलेली होती, उजेड गेला तरी, कारण तिला आता उजेडाने फारसा फरक पडत नव्हता. धनुबाई तिच्यासमोर गोणपाटाच्या कडेला बसली. पोरगी बरी आहे म्हणून सांगितलं. जिजीने मान हलवली. रिना उद्यापासून येणार नाही, तेही सांगितलं. जिजीने त्यालाही मान हलवली.

मग बोलायचं काही उरलं नाही आणि रिकामं बसायची धनुबाईला सवय नव्हती. तिने मिरची उचलली आणि खुडायला लागली. हात आपोआप चालू लागला. देठ मागे, मिरची पुढे, जिजीच्या सुपात. कितीतरी वर्षांनी ती मोजल्याशिवाय खुडत होती आणि तिच्या छातीवरचं काहीतरी हलकं होत होतं. बघता बघता सूप निम्मं भरलं. तिला रडू आलं. बरं वाटून आलं.

जिजीचा हात सुपात आला. वरची मिरची चाचपून तो थांबला. मग तिने ओंजळीने वरवरची मिरची काढली, सावकाश, एकही इकडेतिकडे पडू न देता, आणि चाचपत चाचपत धनुबाईच्या गुडघ्यापाशी गोणपाटावर वेगळी ठेवली. आवाजात राग नव्हता. नव्या बाईला काम समजावून सांगावं तसं ती म्हणाली,

"तुन्हं वायलं ठेव, धनू. दलसिंग काटा करस तव्हय घोळ व्हस."

आणि मधे तिने देठांची एक रांग ओढली.